चव घेण्याचं काम

रविवारच्या जेवणाला धाकटा भाऊ गाडीची मागची सीट रिकामी करून आला, तेव्हाच आत्याने ओळखलं की आज आपला निकाल लागणार. एरवी त्या सीटवर दातांच्या साच्यांची खोकी, जुनी मासिकं आणि त्याच्या बायकोचे पोहण्याचे टॉवेल असा सगळा संसार मांडलेला असायचा. आज सीट झाडून पुसून लख्ख होती आणि वर एक उशी ठेवलेली होती.

"उशी आणलीय," आत्या वरच्या खिडकीतून वाकून म्हणाली. "म्हणजे मला आडवी करूनच नेणार म्हणायचं."

"वन्सं, खिडकीत उभ्या राहू नका, वारा लागेल," स्वयंपाकघरातून वहिनीची हाक आली. ही दोघा भावांतल्या थोरल्याची बायको. लहानमोठे सगळेच तिला वहिनी म्हणत.

"वारा लागावा म्हणूनच खिडकी असते."

"मग लागू द्या. मला काय त्याचं."

ही दोघींची एकतीस वर्षांची वहिवाट होती. एकीने बोलायचं, दुसरीने शब्दाला शब्द लावायचा आणि शेवटी दोघींनी मिळून म्हणायचं, की आपण बाई कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मधे कोणी समजूत घालायला गेलाच तर दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडायच्या, त्यामुळे आता कोणी जात नसे.

खाली कारखाना आणि वर घर, अशी बापाने बांधलेली ती इमारत. खाली जर्दाळू यायचे, चिरले जायचे, बिया निघायच्या, मग लाकडी ताटांवर पसरून गंधकाच्या खोलीत धुरी घ्यायचे, उन्हात वाळायचे आणि शेवटी उत्तरेच्या खिडकीखालच्या लांब टेबलावर निवडीला यायचे. त्या टेबलाच्या डोक्याशी आत्याची खुर्ची. एकोणिसाव्या वर्षी बापाने तिला तिथे बसवलं होतं आणि आता तिला त्रेसष्टावं चालू होतं. नुसत्या बोटांनी तिला कळायचं, कुठलं फळ पहिल्या प्रतीचं आणि कुठलं नुसतंच दिसायला देखणं. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणायची, "आले होते दोघंतिघं बघायला. सगळे कच्चे निघाले."

पन्नाशी गाठता गाठता तिला दम्याने गाठलं. गंधकाच्या धुराने तिची छाती भरून येते म्हटल्यावर थोरल्याने त्या खोलीला दुहेरी दार बसवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. बारा वर्षांत आत्या त्या दाराच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. तरी दमा काही पाठ सोडेना. संध्याकाळी काम आटोपून ती घरी जायला जिना चढू लागली, की सातव्या-आठव्या पायरीवर छातीत शिट्टी वाजायला लागे. जिना बावीस पायऱ्यांचा. मागच्या महिन्यात ती दोनदा अर्ध्यातच बसली. दुसऱ्या वेळी श्वासाच्या पंपानेही भागलं नाही, ओठ निळे पडले आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली. शुद्धीवर होती तोवर ती "मला काही झालेलं नाही" असंच खुणेने सांगत होती. पण त्या दिवशी थोरला भररस्त्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला, हे सगळ्या गल्लीने पाहिलं होतं.

त्यानंतर धाकट्याने तिला दहा दिवस आपल्याकडे नेऊन ठेवलं. त्याचं घर तळमजल्यावर. दहा दिवसांत एकदाही शिट्टी वाजली नाही. झालं! जिना दोषी ठरला. ताईने आता कायमचं धाकट्याकडे राहायचं आणि निवडीचं टेबल सोडायचं, असं दोन्ही भावांनी फोनवर ठरवून टाकलं. ताईला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आज जेवायला सात जण बसले होते. दोघे भाऊ, दोघांच्या बायका, आत्या, पुतण्या आणि आठ महिन्यांपूर्वी घरात आलेली पुतण्याची बायको. टेबलावर भाजलेला मासा होता, बटाटे होते, अंडी, दही, ताजा पाव होता. आत्यापुढे भोपळ्याच्या सुपाचा वाडगा होता.

"मासा छान दिसतोय," आत्या म्हणाली.

"दिसू द्या," वहिनी म्हणाली. "तुम्हाला चालत नाही."

"कोणी सांगितलं?"

वहिनीने चमच्याने कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. दम्याला काय चालतं याबद्दल घरात जितकी तोंडं तितकी मतं होती, आणि रुग्णवाहिकेच्या प्रसंगानंतर प्रत्येकाने आपलं मत त्या कागदावर लिहून टाकलं होतं. धाकट्याच्या बायकोने दूध बंद केलं होतं, कारण कफ होतो. थोरल्याने केळी बंद केली होती, कारण त्याला स्वतःलाच ती आवडत नव्हती. वहिनीने दही आणि जे जे थंड ते सगळं. पुतण्याने मोबाइलवर वाचून पाव. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने अंडी आणि मासे, आणि तिचा सल्ला पैशाशिवाय मिळालेला असल्यामुळे तो सर्वांत आदराने वरच्या बाजूला लिहिला होता. धाकटा बोलून चालून दंतवैद्य, त्याने गोड खोडून टाकलं. उरलं काय, तर भोपळा.

हा धाकटा म्हणजे त्या घराची थट्टाच होती. जर्दाळू वाळवणाऱ्याच्या पोटी दातांचा डॉक्टर! "आपण चिकटवायचं आणि याने उपटायचं," असं बाप कौतुकाने सांगायचा. धाकट्याला मात्र त्यात विनोद दिसत नसे. सुकं फळ दातांचं वैरी, म्हणून त्याच्या घरात तीस वर्षांत एक जर्दाळू आलेला नव्हता.

"ताई," त्याने घसा साफ केला. "जेवण झालं की निघू. तुझी खोली तयार आहे. खिडकीतून बाग दिसते."

"बाग मी बघितलीय. दहा दिवस तेच बघत होते."

"तुला तिथे बरं वाटलं की नाही? खरं सांग."

आत्याला खोटं बोलता येत नसे, आणि हीच पंचाईत होती. "वाटलं," ती म्हणाली. "श्वास मोकळा होता. बाकी सगळं अडकलं होतं."

थोरला खाली मान घालून बटाटा कुस्करत होता. ताईला पाठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण पुन्हा एकदा ती रुग्णवाहिका दारात उभी राहिली तर आपलंच काळीज बंद पडेल, अशी त्याला भीती होती. तो म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच चाललंय गं सगळं."

"माझं भलं करायला सगळे बसलेत, आणि मी आपली भोपळा खातेय."

मग तिने शेवटचा उपाय म्हणून सुनेकडे पाहिलं. ही मुलगी एका मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. सकाळी जायची ती दिवेलागणीला परत यायची, आणि घरच्या स्वयंपाकाबद्दल एक अवाक्षर काढायची नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने सासूला "मीठ जरा जास्त पडतं" असं सांगितलं होतं. त्यावर वहिनीने चार दिवस अळणी जेवण वाढलं होतं. तेव्हापासून मुलगी शहाणी झाली होती. पण महिन्याभरापूर्वी तिने गुपचूप आत्याला एक वही दिली होती. खाल ते सगळं लिहायचं, आणि दम कधी लागला तेही लिहायचं.

"काय गं," आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, "माझी वही वाचलीस?"

सुनेने सासूकडे एकदा बघून घेतलं. "तीनदा वाचली."

"कसली वही?" वहिनी म्हणाली.

"मग, काय निघालं?" आत्याने वहिनीचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"काहीच निघालं नाही, आत्या. दूध प्यायल्यावर, अंडं खाल्ल्यावर, माशावर, दह्यावर, कशावरच त्रास झाल्याची नोंद नाही. हा कागद लागायच्या आधी तुम्ही हे सगळं खात होतात, तेव्हाचंही तुम्ही आठवून लिहिलंय." मुलगी एकदा सुरू झाली तशी तिची भीड चेपली. "तुमचा त्रास त्यातल्या एकाही पदार्थाशी जुळत नाही. जुळतंय ते एवढंच, की तुम्ही पुरेसं खातच नाही. कारण नसताना एकेक पदार्थ बंद केला की अंगातली ताकदच जाते. भाज्या, फळं, डाळी, मासे, सगळं पोटात जाऊ दे. त्याने दमा बरा होतो असं मी म्हणत नाही, तसा एकही पदार्थ जगात नाही. पण चांगलं जेवणारं शरीर दम्याशी बरं लढतं. संध्याकाळचं जेवण थोडं आणि लवकर. आणि पंप काही झालं तरी सोडायचा नाही."

मग वहिनी म्हणाली, "म्हणजे महिनाभर मी भोपळा शिजवला, तो फुकट?"

"भोपळा चांगलाच असतो, आई."

"तसं नको सांगूस. किती भोपळे गेले ते मला विचार."

आत्याने तेवढ्यात माशाचा एक तुकडा स्वतःच्या ताटलीत ओढून घेतला होता. तो तोंडात गेल्यावर तिचे डोळे मिटले. महिन्याभराने तोंडाला चव आली होती.

"ते सगळं ठीक," धाकट्याने मुद्दा सोडला नाही. "मासा माझ्याकडेही मिळेल, रोज मिळेल. प्रश्न जेवणाचा नाहीच, जिन्याचा आहे. ताई, हट्ट करू नकोस."

"अरे पण तुझ्याकडे मी करू काय? बागेतली पानं मोजू?" आत्याचा आवाज चढला. "दहा दिवसांत जीभ गंजली माझी. चाखायला एक फळ नाही घरात!"

सुनेच्या हातातला चमचा ताटलीच्या काठावर टेकला. "चाखायला म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? चव घ्यायला. मालाची."

"तुम्ही जर्दाळू खाता?"

"खात नाही गं. चव घेते. बाबांचा नियम आहे." आत्या खुर्चीत ताठ बसली, कारण हे सांगताना वाकून बसणं तिला जमलं नसतं. "साडेपाचला घंटा झाली, बाया हात धुवायला गेल्या, की दिवसभरात निवडलेल्या प्रत्येक ताटातला एक दाणा मी तोंडात घालते. डोळे फसतात, बोटं फसतात, जीभ फसत नाही. मग त्या ताटाच्या चिठ्ठीवर माझा शिक्का पडतो. माझ्या शिक्क्याशिवाय चव्वेचाळीस वर्षांत एक खोकं दाराबाहेर गेलेलं नाही. परवा दहा दिवस मी नव्हते, तर माल अडून राहिला."

"दिवसाला किती ताटं?"

"हंगामात पंधरा. एरवी दहाबारा."

"म्हणजे पंधरा जर्दाळू, आणि लगेच जिना चढायचा."

"लगेच कसा? शिक्के मारायला दहा मिनिटं जातात."

"आत्या," सून हळू आवाजात म्हणाली, "हे वहीत नाही."

"वहीत कसं असेल? तू म्हणालीस खाल ते लिहा. ते खाणं थोडंच आहे? ते काम आहे."

आणि टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरल्याने, पुतण्याने, वहिनीनेही. त्या घरात वाढलेल्या किंवा मुरलेल्या कोणालाही त्यात चूक दिसेना. चव घेणं हे काम होतं आणि कामाने कोणाच्या पोटात काही जात नाही. महिनाभर अख्खं घर तिच्या तोंडात काय जातं यावर पहारा देत होतं आणि रोज साडेपाचला तिच्या तोंडात जे जात होतं त्याकडे कोणाचीच नजर गेली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. आत्याच्या लक्षात आलं की या पोरीला काहीतरी बोलायचंय आणि ते बोलायची तिला भीती वाटतेय. "बोल," आत्या म्हणाली. "मी आहे."

"बाबा, गंधकाच्या धुरीने फळाचा रंग सोनेरी राहतो ना?"

"राहतो म्हणजे! उगाच नाही आपला माल आरशासारखा चमकत."

"धुरी संपली तरी गंधकाचा थोडा अंश फळात राहतो. म्हणून तर रंग टिकतो. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही. पण दमा असलेल्यांपैकी थोड्या लोकांना तो अंश पोटात गेला की छाती आवळून येते. काही मिनिटांतच."

थोरल्याच्या हातातला पाव हातातच राहिला. "ताई त्या खोलीजवळ बारा वर्षं फिरकलेली नाही. दुहेरी दार आहे. किल्ली माझ्याकडे आहे!"

"धूर दाराआड राहतो, बाबा. फळ टेबलावर येतं."

"आपल्या फळात खोट काढतेस तू?"

"खोट नाही. तुम्ही नियमाप्रमाणेच करता. फळ चांगलंच आहे, फक्त आत्यांसाठी नाही. आणि हाही माझा अंदाज आहे, डॉक्टरांना विचारायलाच हवं."

इथे धाकट्याला राहवेना. तीस वर्षं त्या फळाविरुद्ध तो एकटा बोंबलत होता आणि आज पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या बाजूने बोललं होतं. त्याने टेबलावर थाप मारली. "मी काय सांगत होतो! मी पहिल्यापासून सांगत होतो! माझ्या घरात फळ नाही, म्हणून ताईला दहा दिवस त्रास नाही. दोष फळाचाच आहे!"

"अहो," त्याची बायको शांतपणे म्हणाली. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची आणि गटांगळ्या खाणारा माणूस तिला लांबून ओळखू यायचा. "दोष फळाचा असेल, तर जिन्याचा नाही. मग ताईंना न्यायचं कशाला?"

धाकटा तोंड उघडं ठेवून तसाच राहिला, त्याच्या खुर्चीतले रोगी राहतात तसा.

आता सगळे थोरल्याकडे बघू लागले. त्याची अवस्था मोठी विचित्र झाली होती. फळ निर्दोष म्हणावं, तर ताई त्या उशीवर डोकं टेकून निघून जाणार. ताई राहावी म्हणावं, तर ज्या सोनेरी रंगावर बापाने नाव कमावलं आणि त्याने स्वतः आयुष्य काढलं, त्या रंगालाच दोष द्यायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो उठला, खिडकीशी गेला, खाली अंगणातल्या ताटांकडे बघत उभा राहिला. त्याचे कान लाल झालेले आत्याला मागून दिसत होते. लहानपणी खोटं पकडलं गेलं की असेच व्हायचे, आणि खरं बोलायचं असलं तरी असेच.

"आणि मी भांडू कोणाशी?" वहिनी अचानक म्हणाली.

"काय?" थोरला वळला.

"वन्सं गेल्यावर. मी भांडू कोणाशी? तुमच्याशी? तुम्ही पहिल्या वाक्याला 'बरं' म्हणता. त्यात काय राम आहे?" तिने डोळ्यांना पदर-बिदर काही लावला नाही, सरळ रडायला लागली आणि रडता रडता धाकट्याला आणखी मासा वाढला. "आठवड्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये, आणि कोणी बघतसुद्धा नाही. वहीत माझंही लिहायला हवं होतं."

आत्याने आपल्यापुढचा पाण्याचा पेला वहिनीकडे सरकवला.

"लिही," थोरला सुनेला म्हणाला. "लिही त्या वहीत. जर्दाळू, पंधरा. दोष फळाचा. ताई कुठेही जाणार नाही."

"बाबा, अजून अंदाजच आहे."

"असू दे. जिना तरी काय होता? तोही अंदाजच होता."

सगळे एकदम बोलायला लागले. पुतण्याने कपाटावरचा कागद टर्रकन ओढला. धाकटा म्हणाला, की तरी आठवड्यातून एकदा तपासायला तो येणारच, आणि उशी इथेच ठेवून जाईल. आत्याने सगळ्यांचं होऊ दिलं, मग विचारलं, "आणि चव?"

सुनेने तिचा हात धरला. "बंद, आत्या. एक दाणासुद्धा नाही. धुरी न दिलेले तपकिरी असतात, ते डॉक्टर हो म्हणाले तर कधीतरी."

"ते? ते तर आपण मुरंबावाल्याला देतो!"

आत्याने खाली पाहिलं. घरात राहायला मिळणार होतं, खुर्ची मिळणार होती. पण चव्वेचाळीस वर्षं तिने स्वतःला जे समजलं होतं, ते हातातून जात होतं. तिला खरंच वाईट वाटलं, जिन्यात बसली होती तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

"मी घेईन चव," थोरला म्हणाला.

"तू? धुरीत राहून तुझी जीभ चामड्याची झालीय."

"मी?" पुतण्या म्हणाला.

"तुला सगळंच छान लागतं."

धाकट्याकडे कोणी पाहिलंही नाही. आत्याला नाव माहीत होतं. अगदी प्रश्न विचारायच्या आधीपासून माहीत होतं, फक्त ते घशातून वर येत नव्हतं. दुधाला दोन तासांनी काय होणार हे आत्ताच वास घेऊन सांगणारी, उकळत्या पातेल्यात मीठ कमी आहे हे दारातून ओळखणारी घरात एकच बाई होती. नवी नवरी असताना ती एकदा हौसेने खाली निवडीच्या टेबलाशी आली होती आणि आत्याने सगळ्या बायांसमोर तिला सांगितलं होतं, की हा खेळ नाही, वर जाऊन भाजी बघ. एकतीस वर्षांच्या भांडणाचं मूळ तिथे होतं, हे दोघींना ठाऊक होतं. दोघींनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"उद्यापासून साडेपाचला खाली येत जा," आत्या वहिनीला म्हणाली. "मी तेव्हा चुकले होते. तुला त्याच दिवशी बसवायला हवं होतं."

वहिनी रडायची थांबली. तिने ताटल्या गोळा केल्या, एकावर एक रचल्या आणि पाठ फिरवून म्हणाली, "बघू. वेळ मिळाला तर."

दुसऱ्या दिवशी ती पाच वाजताच येऊन बसली.

छातीच्या डॉक्टरांनी वही पाहिली, पंधरा दाण्यांचा हिशेब ऐकला आणि कपाळाला हात लावला. सुनेचा अंदाज बरोबर असण्याची पुष्कळ शक्यता आहे, ते म्हणाले. फळ बंद, पंप चालू, आणि रोज सकाळ-संध्याकाळ श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकून आकडा लिहायचा. आत्या फुंकायची आणि आकडा असा काही लिहायची की जणू शाळेतलं प्रगतिपुस्तक. जेवणात दूध आलं, अंडी आली, केळीसुद्धा आली, आणि ती खाताना ती मुद्दाम थोरल्यासमोर बसायची. सगळं एका दिवसात पालटलं असं नाही. दुसऱ्या आठवड्यात सर्दी झाली तेव्हा शिट्टी वाजलीच, दोन दिवस पंपाची मात्रा वाढवावी लागली आणि धाकट्याने फोनवर "जिना, जिना" म्हणून घेतलं. पण सर्दी गेली तशी शिट्टीही गेली.

खालचं शिक्षण मात्र सोपं नव्हतं. आत्या शिकवायला बसली की कारखान्यातल्या बाया हात धुवायला जायचं विसरून बघत उभ्या राहायच्या. "चावायचं नाही, आधी जिभेवर ठेवायचं." "मला माहितीय." "माहिती असतं तर चावलं नसतंस." वहिनी रोज चिडून वर जायची आणि रोज पाचला खाली यायची. पहिले दोन आठवडे तिने एकही ताट नाकारलं नाही. आत्या म्हणायची, हो म्हणणं सोपं असतं, जीभ खरी झाली की ती नाही म्हणते.

चौथ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी पंधरा ताटं होती. आत्या हात मांडीवर ठेवून शेजारी बसली. सगळ्या ताटांवर तिचे डोळे आणि बोटं फिरून झाली होती, आणि सगळी पहिल्या प्रतीची होती. वहिनी एकेक दाणा जिभेवर ठेवत पुढे चालली. आठ ताटं झाली. नवव्याला ती थांबली. दाणा तोंडात घोळवला, दुसरा घेतला.

"हे नाही," ती म्हणाली.

"काय नाही? रंग बघ त्याचा!"

"रंग तुम्ही बघा. हे आतून ओलं आहे. आठ दिवसांत आंबेल."

"मी दाबून पाहिलंय. चव्वेचाळीस वर्षं दाबतेय."

"मग आज तुमचं बोट चुकलं."

बाया टेबलाजवळ सरकल्या. आत्याने सुरी मागवली, त्याच ताटातला एक जर्दाळू घेतला आणि मधोमध कापला. आत, अगदी गाभ्यापाशी, ओलसर रेघ चमकली. तिने आणखी तीन कापले. तिन्हीत तेच. आत्याने सुरी खाली ठेवली. हरल्याचं दुःख आणि काहीतरी जिंकल्याचा आनंद तिला एकाच वेळी झाला, आणि त्यातलं काहीही दाखवायची तिची तयारी नव्हती. तिने शिक्का उचलून वहिनीच्या हातात दिला.

"एवढं काही नाही," जिन्याशी येताना ती म्हणाली. "एका ताटाने कोणी चव घेणारी होत नाही."

"मी म्हटलं का झाले म्हणून?"

"तुझं तोंड सांगतंय. आणि दोन दाणे का घेतलेस? एका दाण्यात कळायला हवं. बाबा एका दाण्यात झाडाची कुठली बाजू ते सांगायचे."

"बाबांच्या वेळी ताटं चार होती, वन्सं. आणि नवव्या ताटाला तुम्ही माझ्या कानाशी बडबडत होतात, म्हणून मला पहिल्यांदा नीट लागलंच नाही."

"मी बडबडत होते? मी शिकवत होते! तुला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ताट नाकारलंस ते बरोबर, पण बायांसमोर असं तोडून बोलतात? 'तुमचं बोट चुकलं' म्हणे! अगं, हळूच सांगायचं, वन्सं, जरा बघता का, असं म्हणायचं. मी काय नाही म्हटलं असतं? म्हटलं असतं, पण मग कापून पाहिलं असतंच की. आणि ते ताट उद्या परत उन्हात घालायला सांग, माझा भाऊ विसरेल. त्याला मी आजवर..."

"वन्सं," मागून वहिनीचा आवाज आला. "थांबा हो जरा. मला धाप लागली."

आत्या वळली. वहिनी सहा पायऱ्या खाली, कठड्याला धरून उभी होती आणि तोंडाने श्वास घेत होती. आत्याने पायाखाली पाहिलं. ती विसाव्या पायरीवर होती, आणि खालून इथपर्यंत एकसारखी बोलतच आली होती. तिने छातीवर हात ठेवला. आत काहीच वाजत नव्हतं.

वहिनीच्याही ते लक्षात आलं होतं, कारण तिचे डोळे भरून आले होते. पण बोलायचं म्हटलं तर तिला दम नव्हता.

आत्या सहा पायऱ्या उतरून खाली आली, तिने वहिनीच्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "ये सावकाश. घाई नाही. मला अजून बरंच बोलायचंय."